वहिनी, तुमच्या चपलांची चाकं

प्रिय वहिनी,

उद्या सकाळी मला तुमच्या चपला कापायच्या आहेत. तुमचीच मोठी कात्री काढून ठेवली आहे, मापाला पुठ्ठ्याचा गोल कापला आहे. पण तुम्हाला न विचारता तुमच्या वस्तूला हात लावायची या घरात कधी कुणाची टाप नव्हती. म्हणून आधी हे पत्र.

त्याच त्या, निळ्या पट्ट्यांच्या स्लिपर. तुम्ही गेल्यावर साड्या वाटल्या गेल्या, शिलाई मशीनवर चादर पडली. चपला मात्र दारातच राहिल्या. आत्या दोनदा दादाला म्हणाली, "कुणाला तरी देऊन टाक रे त्या." दादाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. केर काढायला येणारी बाईसुद्धा त्यांना धक्का न लावता भोवतीने झाडू फिरवायची. तुम्ही आत चहा टाकताय आणि आता बाहेर याल, असंच रोज वाटायचं. किती त्रास दिलात हो!

हे रोबोटचं वेड घरात आलं ते तुमच्या लेकीमुळे, केतकीमुळे. तिच्या डिप्लोमा कॉलेजात छोट्या रोबोटच्या झुंजी लागायच्या. जाड पारदर्शक पेटीत दोन रोबोट सोडायचे आणि एक बंद पडेपर्यंत धडका द्यायच्या. जोडीच्या मुलींनी ऐन वेळी अंग काढून घेतलं आणि पोरगी रडत मंचरला घरी आली. तुम्ही पिको-फॉलची साडी बाजूला सारलीत. "रडती कशाला? मी हाय की. दाव मला काय करायचं ते."

पहिल्या रोबोटची आठवण आहे ना? बोटाएवढ्या दोन मोटरी, एकीचं तोंड डावीकडे, दुसरीचं उजवीकडे. तारा मात्र दोघींना सारख्याच जोडल्यात. मग काय, एक चाक पुढे पळतंय, दुसरं मागे! ते यंत्र स्वयंपाकघरात जागच्या जागी गरगरायला लागलं. "अगं बया, हिला चक्कर आली!" म्हणून तुम्ही हसून हसून खाली बसलात. तारा बदलल्या तरी ते तिरकंच चालायचं. तिथूनच तिचं नाव खेकडी पडलं.

मग मोटरी गोंदाने पक्क्या चिकटवल्यात. पहिल्याच धडकेत आतल्या गियरचे दात गेले. कितीतरी दिवस तुम्ही त्यावर डोकं खाजवलंत. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे मोटरींना गुंडाळलेत आणि वरून प्लास्टिकच्या पट्ट्या बांधल्यात, त्याही जरा सैलच. मी म्हणालो, वहिनी, हे हलतंय. तुम्ही म्हणालात, "हलू द्या की. मोटरीला गादी पायजे, भावजी. धडक गादीनं खायची, दातांनी न्हाई."

आणि चाकं! विकतची चाकं झुंजीच्या पेटीच्या लोखंडी तळावर घसरायची. तुम्ही स्लिपरचा तळ कापून बघितलात आणि खेकडी जमिनीला चिकटून पळाली. नवी स्लिपर चालायची नाही, वर्षभर पायात घातलेलीच हवी. पुढे पट्ट्यांची भोकं असतात म्हणून चाक टाचेकडचं. झालं! दादाच्या गेल्या, केतकीच्या गेल्या, माझे दोन जोड गेले. आल्या-गेल्याला दादा दारातच सांगायचा, "पावणं, चपला हातात घेऊन आत या. आमच्या हिला चाकं लागत्यात." त्यानंतर मी तुमच्याकडे यायचो तो नाडीचे बूट घालून. तुम्ही बुटांकडे बघायचात आणि म्हणायचात, "भावजी लई हुशार झालेत."

माहेरी खोडदला जाताना तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या दिसल्या की तुम्ही गाडी थांबवायला लावायचात. "एवढं मोठं धूड फिरतंय, त्याला मोटर कुठं बसवली असंल?" पाहणारी माणसं आभाळाकडे बघायची आणि तुम्ही तिच्या पायाकडे.

एक विचारू? मोटरीचा एवढा विचार करणाऱ्या बाईने स्वतःच्या छातीत दुखतंय हे का नाही सांगितलं? "पित्त झालंय. रविवारची झुंज उरकू द्या, मग दाखवू." पुण्याहून खेकडी जिंकून आली. चाकांच्या चिंध्या झाल्या होत्या. तुम्ही ओवाळायला ताट केलंत, आधी केतकीला ओवाळलंत, मग खेकडीला. त्यानंतर दोन दिवसही काढले नाहीत तुम्ही. सकाळी ओट्याशी पडलात त्या पडलात.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर दादा एक वाक्य बोलला. "त्या खेळण्यापायी गेली." दुःखात माणूस काहीही बोलतो, पण केतकी मागेच उभी होती. वहिनी, ते वाक्य तिने गिळलं. घरी येऊन तिने खेकडी खोक्यात घातली आणि खोकं माळ्यावर टाकलं. त्यानंतर तिने पेचकस हातात धरला नाही. कॉलेजला जायची, यायची, जेवायची. एकदा मला एवढंच म्हणाली, "काका, मी रडत घरी आले नसते तर?"  

दादाला कळत नव्हतं असं नाही. पण बोललेलं परत कसं घ्यायचं? तो मार्केटला जायचा, कांद्याच्या ट्रकांच्या गर्दीतून घरी यायचा आणि तुमच्या चपलांकडे बघून मग आत यायचा. बाप-लेक एका ताटाला बसून एकमेकांशी बोलत नव्हते.

परवा ओतूरच्या झुंजीचं बोलावणं आलं. केतकीने फोन पालथा ठेवला. दादा उठला, दारात गेला, चपला उचलल्या. नळाखाली ब्रशने घासून स्वच्छ केल्या, पंच्याने पुसल्या आणि केतकीच्या पुढ्यात ठेवल्या.

"घे. काप."

"बाबा, आईच्या हायेत या."

"माहिती हाय मला. घरात दुसऱ्या कुणाच्या ऱ्हायल्यात का?"

केतकी हसली. हसता हसता जी रडायला लागली ती थांबेना. दादा शेजारी बसून राहिला. हात तिच्या पाठीवर ठेवायचा होता त्याला, पण तो टेबलावरच राहिला. मग म्हणाला, "तुझ्यापायी न्हाई गेली ती. मी येड्यासारखा बोललो."

खोकं माळ्यावरून खाली आलं. मोटरी ट्यूबच्या गादीत जशाच्या तशा आहेत, तुम्ही बांधलेल्या पट्ट्यांसकट. केतकीने त्या सोडल्या नाहीत. नुसतं बोट लावून हलतात का ते पाहिलं. हलतात.

चपला कापायला मात्र तिचा हात चालेना. "काका, तुमी कापा. मी चाकं बसवते." मी पुठ्ठ्याचा गोल टाचेवर ठेवून बघितला आणि अडखळलो. तुमच्या डाव्या चपलेची टाच बाहेरून पार झिजली आहे. डावं चाक बारीक होणार, त्याची पकड कमी पडणार, खेकडी डावीकडे ओढणार. उजवं घासून तेवढंच बारीक करू का, असं मी विचारलं. केतकीने चपला उलटसुलट करून बघितल्या.

"राहू द्या, काका. आई पण डावीकडंच कलायची."

दारात आता जागा मोकळी आहे. तिथे काहीच नाही हे आज पहिल्यांदा नीट दिसलं. दादा संध्याकाळी आत येताना सवयीने थांबला, खाली बघितलं आणि मग बराच वेळ आलाच नाही आत. एका झुंजीत चाकं फाटतील हे त्यालाही माहीत आहे. तुमच्या पायाची ती झीज मग कुठेच उरणार नाही. तरी त्याने दिल्या.

तेव्हा वहिनी, शब्द देतो. तुमची झीज मी घासणार नाही.  आणि ही चाकं पेटीत फाटली, तर केतकीला दुसऱ्या जोडासाठी कुणाकडे बघावं लागणार नाही. तुमच्यापासून लपवून ठेवलेल्या, माझ्या घरी वर्षभर वापरलेल्या माझ्या चपला आहेत. अगदी तुम्हाला हव्या तशा झाल्या आहेत.

रविवारी ओतूरला मी बूट घालून जाणार नाही.

तुमचा धाकटा दीर,
संजय