मामांचे कपाट आणि साहेबांची एकोणीस वर्षे

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचीही कंबर पुन्हा वाकू लागल्याचे मामींकडून कळले; बरे वाटले. (हे पत्र मात्र बसूनच वाचावे.)

तुम्ही लावून दिलेल्या नोकरीत मी मन लावून काम करतो आहे. आमच्या साहेबांचा रात्रीचा विनोदी कार्यक्रम टीव्हीवर एकोणीस वर्षे चालू आहे. (तो संध्याकाळी पाचलाच चित्रित होतो, साहेबांच्या मागे दिसते ती रात्र कापडाची असते.) साहेबांना पाठांतर जमत नाही, म्हणून त्यांचे विनोद पुठ्ठ्यांवर ठळक अक्षरांत लिहून कॅमेऱ्याशेजारी धरणे हे माझे काम. शिक्षण नववीपर्यंत असले तरी माझ्या शुद्धलेखनाबद्दल तक्रार नाही. पण वरचे लोक महिनाभर म्हणत होते, "आता कोणी हसत नाही, बंद करू." म्हणजे साहेबांबरोबर मीही घरी.

या काळजीत मंगळवारी घोटाळा झाला. वापरलेल्या पुठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पत्रांचा कच्चा मजकूर लिहितो. (तुम्हाला खाडाखोड खपत नाही.) धाकट्या मावशीला लिहिलेल्या पत्राचे पुठ्ठे शाई सुकायला ठेवले होते. घाईत मी तेच पुठ्ठे उचलून धरले, आणि साहेब तर समोर येईल ते वाचतात. त्यांनी वाचले की, माझ्या मामांनी जिना न मोजता कपाट आणले, ते वळणावर अडकले, मामांनी चूक कबूल न करता त्याची मागची फळी काढली, आणि वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड आता कपाटातून ये-जा करते व जाताना दार लावून घेते. इथे साहेबांनाच हसू आवरेना. प्रेक्षक तर खुर्च्यांत आडवे झाले. "मावशी, मामांना सांगू नकोस" हेही साहेबांनी वाचले.

मी राजीनामा सुवाच्य अक्षरात लिहून नेला. साहेब म्हणाले, "राजीनामा कसला देतोस, गाढवा? मामांचं पुढे काय झालं ते लिही!" कार्यक्रमाला वर्षभराची मुदत मिळाली आहे. अट एकच, दर गुरुवारी मामा हवेत. तुमचे नाव कुठेही घेतलेले नाही. (गल्लीतले लोक ओळखतात, त्याला माझा इलाज नाही.) राग नसावा.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. येत्या गुरुवारसाठी माझ्याकडे काहीच नाही. बुधवारपर्यंत आपल्या हातून काही होऊ शकेल काय? लहानसे चालेल. कोणाला इजा नको.

आणखी एक ता. क. मामींना हे फोनवर सांगितले. त्या म्हणाल्या, "त्यांना मुद्दाम काही करायला सांगू नकोस, ते नीट करून बसतील. तू नुसता बुधवारपर्यंत थांब." तेव्हा आपण काहीही मनावर घेऊ नये.