पहिली अँटिबॉडी न घालता

६ जानेवारी

पट्टी आली! येऊच नये अशी पट्टी.

मेंदूतल्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं एक प्रथिन — तीन वर्षं मी तेच शोधतेय. पहिली अँटिबॉडी त्या प्रथिनाला धरते, दुसरी त्या पहिलीला धरून चमकते, आणि त्या चमकेची फिल्मवर पट्टी उमटते. आज खात्री म्हणून पहिली घातलीच नाही. तरी फिल्मवर ठसठशीत पट्टी. मग दुसरी धरतेय कुणाला?

८ जानेवारी

कळलं. कपाळावर हात मारला. आमची पहिली अँटिबॉडी शेळीच्या रक्तातून काढलेली. दुसरी, शेळीची म्हणून जी अँटिबॉडी दिसेल तिला चिकटते. आणि मेंदू कुणाचा? बोकडाचा! लॅबचे शिपाई मच्छिंद्रमामा दर बुधवारी मटण मार्केटातून ताजा भेजा आणतात. त्यात बोकडाच्या स्वतःच्या अँटिबॉडी असणारच.

मामांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हंजी तीन वर्सं आपन बोकडाचं रगातच बघत हुतो व्हय?"

व्हय, मामा.

९ जानेवारी

मुळे सरांना, म्हणजे माझ्या गाइडना, फिल्म दाखवली. त्यांनी ती उलटी करून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "ज्ञानेश्वरी, महिन्याभरात थिसिस जमा करायचाय. ही फिल्म तुला कुणी मागितलेली नाही."

मागितली नाही म्हणून लपवायची? जामखेडहून इथे मी खोटं छापायला आले नाही. याच पट्टीवर छापलेला आमचा पेपर मागे घ्या असं जर्नलला पत्र लिहिणार. सर म्हणाले, चार दिवस थांब. नाही थांबणार!

१० जानेवारी

घरी फोन केला, पदवी लांबली म्हणून सांगितलं. आई म्हणाली, लई लांबली का? लई.

सरांचा संताप येतोय. शेळीची अँटिबॉडी मागवली कुणी? लॅब त्यांची, ऑर्डरवर सही त्यांची, आणि गप्प बसायचं मी! पत्रात तेही लिहिलं, नाव घेऊन.

११ जानेवारी

पत्र सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं आणि कपाटातून ऑर्डरचा जुना कागद काढला. सरांनी लिहिलं होतं — सशाची. ते खोडून वर — शेळीची. सशाची यायला दोन महिने लागणार होते, शेळीची आठवड्यात मिळत होती. अक्षर माझं.

"हे बाहेर येईल, म्हणून थांब म्हणत होतो," सर म्हणाले.

त्यांचं नाव खोडलं. माझं लिहिलं. पत्र पाठवलं.