समजावायची नोकरी

तीर्थरूप मायले आचलचा दुरून नमस्कार.

माही तब्येत बरी हाये. तुही कंबर कशी हाये? गोपालनं दवाखान्यात नेलं का?

फोनवर तू आवाजावरून सारं ओळखते, म्हणून लिहून राहिली. पोरगी समाजकार्य शिकून कंपनीत मॅडम झाली, असं तू गावभर सांगते. माय, नांदगाव पेठेच्या या कापड कंपनीत माहं काम एकच हाये. कामावरून काढलेल्या बायायले माह्याकडे पाठवतात. कॉलेजात शिकवलं तसं मी आधी पाणी देते, मधात न बोलता ऐकून घेते, मंग हळूच समजावते. बाया गेटावर न भांडता घरी जातात. त्यासाठीच मले ठेवलं हाये.

अकोल्यातल्या संस्थांतही विचारलं. कुठीच जागा नाही.

काल शिलाईतल्या बाया काढल्या. त्यात आपली पिंकी होती. लहान बहीण म्हणून मीच तिले इथं लावलं होतं. तिलेही मी पाणी दिलं.

हे पत्र तिच्याच हाती पाठवून राहिली. तिले काही विचारू नको, आधी जेवू घाल. ती रडली नाही, माय. मी तिले खूप चांगलं समजावलं.

तुही,
आचल