नाल्यात न ओतलेल्या तेलापायी क्वार्टर जात असल्याबाबत

प्रति,
मा. श्रीरंग पारखे साहेब,
वसाहत अधिकारी,
नीलवन कर्मचारी वसाहत,
अमौसी मार्ग, लखनऊ.

अर्जदार : ईश्वर तुळशीराम रंगारी, दप्तरी, टाइप दोन, तळमजला.

विषय : वापरलेले इंजिन तेल आपल्याच सूचनेनुसार घरी सांभाळले म्हणून निघालेला क्वार्टर रिकामा करण्याचा आदेश रद्द होणेबाबत.

संदर्भ : (१) आपल्या सहीची सूचना, जुलै १९९५. (२) आपल्याच सहीचा आदेश, फेब्रुवारी १९९६.

महोदय,

आज्ञा पाळल्यामुळेच एका आज्ञाधारक माणसावर जे संकट कोसळले, त्याचे साद्यंत निवेदन या अर्जात होणार आहे. त्यात आपल्या सहीचा उल्लेख वारंवार येईल, त्याबद्दल अर्जदार आधीच क्षमा मागून ठेवतो. अर्ज मराठीत आहे, कारण गेल्या १४ एप्रिलच्या जयंतीस आपण पाहुणे म्हणून आला होता तेव्हा म्हणाला होता, "काही अडचण असेल तर मराठीत लिहून द्या, घरचे पत्र आल्यासारखे वाटते." हे ते घरचे पत्र. यात खुशाली मात्र नाही.

१. अर्जदाराकडे एक जुनी मोटारसायकल असून तिचे तेल तो घरीच बदलतो. आपली सूचना जिन्याखाली लागली : "वापरलेले इंजिन तेल, बॅटरीचे पाणी व कूलंट नाल्यात अगर मातीत टाकू नये, घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून वसाहत भांडारात जमा करावे." हे वाक्य अर्जदारास मनापासून पटले. नाल्याला लागूनच हापसा आहे, आणि टाकी कोरडी पडली की टाइप दोनमधील प्रत्येक घर त्याच हापशाचे पाणी पिते.

२. सबब अर्जदार डबा घेऊन भांडारात गेला. भांडारपाल निगमजी यांनी चष्मा वर करून सांगितले, "रंगारीजी, झाड़ू का रजिस्टर है, बल्ब का रजिस्टर है, जले तेल का कोई रजिस्टर नहीं। घर पे रखिए, ऊपर से आदेश आएगा।" वरून म्हणजे आपल्याकडून. आदेश आला नाही. डबा अर्जदाराच्या मागच्या व्हरांड्यात येऊन बसला.

३. मग अर्जदाराने नाक्यावरच्या मेकॅनिकला विनवले. त्याने तेल आनंदाने घेतले व अर्जदाराची पाठ वळताच दुकानामागे ओतले. दुकानामागे जो नाला वाहतो, तोच पुढे आपल्या वसाहतीत येतो. म्हणजे अर्जदाराने आपले तेल नाल्यात न टाकता थोडे वरून नाल्यात टाकविले. दुसरा डबा त्याने तेथे नेला नाही.

४. वरच्या मजल्यावरील गजेंद्र सिंह यांनी उपाय सुचविला, "अरे, खुजली वाले कुत्ते को मल दीजिए, चमक जाएगा!" कुत्रा अंग चाटतो, ते विष त्याच्या पोटात जाईल, असे अर्जदाराने त्यांना नम्रपणे समजावले. शिवाय आपल्या वसाहतीत इतके खरुजलेले कुत्रे नाहीत. यावर गजेंद्र सिंह हसले, आणि रंगारीजी जले तेल जमा करतात अशी बातमी त्यांनी जिनाभर पसरविली. तेव्हापासून सकाळी दार उघडावे तर उंबऱ्याशी डबा. कोणी खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, सरबताच्या बाटलीत गाडीचे हिरवे कूलंट ठेवून गेले. अर्जदाराच्या पत्नीने ते पाहुण्यांसाठी पेल्यात ओतलेसुद्धा होते. वासाने कळले म्हणून पाहुणे वाचले. आपण विचाराल, नकार का दिला नाही? साहेब, नकार दिला असता तर ती माणसे डबा घेऊन घरी परत गेली नसती. नाला जवळच आहे.

५. तपासणीस आपले पथक आले. "क्या बात है, पेट्रोल पंप खोल रहे हो?" असे विचारून त्यांनी डब्यांचे फोटो काढले. त्यानंतर आपला आदेश आला : क्वार्टरमध्ये ज्वालाग्राही पदार्थांचा बेकायदा साठा, सबब महिनाअखेर क्वार्टर रिकामा करावा. त्याच तपासणीत गजेंद्र सिंह यांच्या व्हरांड्यास "उत्तम स्वच्छता" असा शेरा मिळाला. तो व्हरांडा स्वच्छ का आहे, हे हापशाचे पाणी सांगेल. त्याची एक बाटली सोबत जोडली आहे. कृपया ती मेजावर स्थिर ठेवून वरचा तवंग पाहावा. पिऊ नये. आम्ही पितो.

६. अर्जदाराची कन्या नीलम हिची हायस्कूल बोर्डाची परीक्षा मार्चात आहे. ऐन परीक्षेत तिने पुस्तके घेऊन कोठे बसावे, हे आदेशात लिहिलेले नाही. पत्नी सुभद्रा म्हणते, "पिठालेई तेलाचा वास येते. एक तर ते डबे ठेवा, नाही तं मले ठेवा." आणि नीलम म्हणाली, "पापा, फेंक दो ना। सब तो फेंकते हैं।" साहेब, आदेशाने अर्जदार संतापला, पण या वाक्याने त्याला झोप लागली नाही. ही मुलगी हे शाळेत शिकलेली नाही. ती हे आपल्या वसाहतीत शिकली.

तरी अर्जदाराची मागणी अशी की, भांडारात रजिस्टर उघडून सर्व डबे ताब्यात घ्यावेत व संदर्भ (२) चा आदेश रद्द करावा. आपल्या दोन सह्यांपैकी एक तरी खोटी आहे. कोणती, ते आपणच ठरवावे.

हे शक्य नसल्यास, सर्व डबे हापशाशेजारच्या नाल्यात ओतण्याची लेखी परवानगी आपल्या पूर्ण सहीशिक्क्यानिशी द्यावी. परवानगी मिळाली तरी अर्जदार एक थेंब ओतणार नाही. तो कागद तो हापशावर चिकटवील, आणि पाणी भरणाऱ्या बायांना कळावे म्हणून त्याखाली नीलमकडून हिंदीत लिहून घेईल.

सोबत : सूचनेची प्रत, आदेशाची प्रत, पाण्याची बाटली (झाकण घट्ट आहे).

हा अर्ज प्रथम उघडणाऱ्या कारकुनाचे, तो पुढे पाठविणाऱ्याचे, आणि शेवटपर्यंत वाचला असल्यास आपलेही आभार.

दि. ९ फेब्रुवारी १९९६

आपल्या पहिल्या सहीवर विश्वास ठेवणारा,
ईश्वर तुळशीराम रंगारी