बरणीतल्या दुधाच्या दातांची व्यवस्था

मी, रिहाम सब्री अल-दिब, वय सत्तावीस, दंतवैद्य, राहणार दमन्हूर, हे पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहिते आहे. परवा माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काही दुखणार नाही. मीही मुलांना हेच सांगते आणि मग सुई काढते, म्हणून हा कागद.

१. कायद्याने आईबाबांना जे मिळायचे ते मिळेलच. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. बाबांना फक्त विनंती की माझे पदवीपत्र बाहेरच्या खोलीतून काढून आत लावावे. आपल्या घरातली ती पहिली पदवी आहे, कबूल. पण गॅसची टाकी आणणाऱ्याला ती वाचून दाखवायची गरज नाही.

२. सोन्याची कर्णफुले माझा भाऊ कर्रम याच्या होणाऱ्या बायकोला. कर्रमला न उघडलेले दात घासायचे ब्रश. लग्नाआधी वापरायला सुरुवात करावी.

३. आता मुख्य बाब. दवाखान्याच्या फ्रीजमध्ये एका बरणीत दुधाचे किडके दात आहेत, पालकांनी राजीखुशीने दिलेले. कीड ड्रिलने कोरली की दातावर बारीक भुग्याचा थर बसतो आणि किडीच्या जागी भरलेला भराव दाताऐवजी त्या भुग्याला धरायला बघतो. दुसरी रीत म्हणजे जेल लावून कीड मऊ करायची आणि बोथट हत्याराने खरवडून काढायची. घरघर नाही, रडारड नाही. पण असा साफ केलेला दात भराव तितकाच घट्ट धरतो का? दोन्ही रीतींनी दात भरून, ते यंत्रात ओढून, भराव किती जोराने सुटतो हे मी मोजत होते. निम्मे झाले, आतापर्यंत बरोबरी आहे. उरलेले तसेच राहिले तर आमच्या दवाखान्यात हा प्रश्न पुन्हा कोणी विचारणार नाही, आणि मुले ड्रिलला घाबरून किडके दात घेऊन घरीच बसतील. परवाच्या टाक्यांपेक्षा मला याची धास्ती जास्त आहे.

४. पहिली बरणी मी घरी ठेवली होती. तिच्याबद्दल आईला पूर्ण माफी. त्या दिवशी ती गच्चीवरून हात झटकत खाली आली.

"अगं, पोरांचे दात पाण्यात कोंडून ठेवलेस? सूर्याकडे फेकल्याशिवाय नवे कसे येतील त्यांना?"

"आई, कुठे आहेत ते?"

"दिले फेकून. एकेका पोराच्या नावाने. नावं ठाऊक नव्हती, मग गल्लीतल्या सगळ्यांची घेतली. तुझं दोनदा घेतलं, डॉक्टरीणबाई."

त्या मुलांचे नवे दात वेळेवर आले, हा तिचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही.

५. दुसरी बरणी आणि यंत्राची किल्ली माझे शिक्षक डॉ. वगीह हलीम यांना. ते माझ्या जेलला मुरंबा म्हणतात. "काय गं, कीड काढतेस की पावाला लावतेस?" असे भर दवाखान्यात विचारतात, आणि पेशंट हसतात. उरलेले दात त्यांनीच तपासावेत. निकाल ड्रिलच्या बाजूने लागला तर तो छापावा. मुरंब्याच्या बाजूने लागला तरीही छापावा. दुसरे त्यांना जड जाईल, म्हणून लेखी घालते आहे.

वरील मजकूर मी आईसमोर वाचला नाही. गरज पडली तरच तिला वाचून दाखवावा, आणि तोही बाबांच्या आवाजात नको. ते पदवीपासून सुरू करतील.

रिहाम सब्री अल-दिब (सही)
दमन्हूर, ४ मार्च २०२३

साक्षीदार:
१. सनिया अब्दुल-मुईन, मावशी (सही)
२. डॉ. वगीह हलीम (सही). सही तिच्या शुद्धीबद्दल आहे. कलम पाच मला नाकबूल. बरणी घेणार नाही, फक्त तिचे पाणी बदलत राहीन. उरलेले दात रिहामने स्वतः येऊन यंत्रात ओढावेत, आणि मुरंबा जिंकला तर मला तोंडावर सांगावे.