उंबऱ्यात उभी

आत्याबाई, लग्न होऊन तुमची सून म्हणून घरात आले त्याच आठवड्यात तुमची पहिली बोलणी खाल्ली. शेजारणीशी गप्पा मारत मी उंबऱ्यात उभी होते आणि तुम्ही चुलीपासून ओरडलात, "उंबऱ्यात उभी राहू नको गं, दारात आलेली लक्ष्मी मागं फिरती!" तेव्हापासून मी उंबरा कायम एका दमात ओलांडला. आता तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि मी रोज नेमकी तिथंच अडकते.

पार्किन्सन म्हणतात याला. हात थरथरतो त्याचं मला काही वाटत नाही, पण दार आलं की पाय जमिनीला चिकटतात. घोडेगावच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणते, "मावशी, घाबरलात की पाय जास्तच धरतात. तिथंच थांबायचं, श्वास सोडायचा, जरा डावी-उजवीकडं झुलायचं, मग मोठं पाऊल टाकायचं." बोलायला काय जातंय तिचं! तिथंच म्हणजे उंबऱ्यात, आणि थांबले की कानात तुम्ही.

आज आळे गावाला नातीचा साखरपुडा होता. "आज्जी, अंगठी घालताना तू माझ्याजवळ बसायचं," असं तिनं चारदा बजावलेलं. साडीही तिनंच नेसवली. जीप दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि मी उंबऱ्यापाशी खिळलेली. लेक म्हणतो, "आई, चल की, लई उशीर झालाय." सून मागून म्हणते, "टाका पाऊल, काय व्हत न्हाई." श्वास सोडू म्हटलं तर छातीत नुसती धडधड. शेवटी लेकानं काखेत हात घालून ओढलं. अंग पुढं गेलं, पाय मागंच राहिले, आणि मी त्याच्यावर कोसळले. नात रडायला लागली. "तुमी जावा," मी म्हणाले, रागानंच. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि गेले.

जीपचा आवाज शिनोलीच्या रस्त्याला विरला. घर शांत. मागं कुणी नाही, घाई नाही. मी उठले, उंबऱ्यात थांबले. तुम्ही ओरडलात, मी ओरडू दिलं. फिरू दे लक्ष्मी मागं, म्हटलं. श्वास सोडला, झुलले, आणि पाय सुटला. सरळ अंगणात गेले. अंगावर नवी साडी, आणि जायला गाडी नाही. तिथंच रडले.

हे घरात सांगणार नाही, नाटक करते म्हणतील. तुम्हीही तेच म्हणाला असतात. माझ्या बाळंतपणांत तुम्ही जिवापाड केलंत, ते मी विसरले नाही. पण हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं. आत्याबाई, उंबऱ्यात उभी होते तेव्हा, तुम्ही आता नाही, याचं मला बरं वाटलं.