म्हशीखाली पडलेले चारशे आंबे

वडगाव निंबाळकर,
गुरुवार

तीर्थरूप नीळकंठदाजींस,

संभाजीचा एका हाताचा नमस्कार गोड मानून घ्या. (दुसरा हात लकवा मारल्यापासून जोडायला येत न्हाय.) आमच्या आक्काचे गुडघे कसे हायेत? तुमची शुगर? हितं सगळं बरं हाय, म्हणजे म्हैस बरी हाय. अक्षर डाव्या हाताचं हाय, सांभाळून घ्या.

दाजी, मी लय भ्यालोय. बारामतीच्या व्यायामवाल्या वैदेही मॅडमनी उजव्या हातासाठी एक वायरींचा मोजा दिला, संगं टॅबलेट. मूठ आवळली की पडद्यावरचा आंबा टोपलीत पडतो, आन् किती पडले ते मॅडमला बसल्याजागी कळतं. आठवडाभर माझे आंबे शून्य. वर टॅबलेटातली बाई गोड आवाजात म्हणायची, छान प्रयत्न! (एवढी थट्टा तर तुमीबी कधी केली न्हाय.) डाव्या हातानं जेवाय मन घेत न्हाय, म्हणून आमची कारभारीण प्रयाग घास भरवती, आन् मला वाटतं, आता मरस्तोवर असंच. त्यात शून्य बघून मॅडम म्हणाल्या, हा हात गेला, मोजा परत करा, तर? म्हणून प्रयागला म्हणलं, धार काढताना मोजा तू घाल, वरनं पिशवी बांध. पहिल्याच दिवशी चारशे आंबे! टॅबलेटातली बाई नुसती टाळ्या वाजवत बसली.

काल मॅडमचा फोन. काका, इतकी सुधारणा मी पाहिली नाही, सोमवारी या, पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना तुमची मूठ दाखवायची आहे, मग मोजा दुसऱ्या पेशंटला देऊ. मोजा गेला तर हाताचं कसं, आन् खरं सांगितलं तर तोंड कुठं लपवू? प्रयाग म्हणती, म्हशीलाच न्या की बारामतीला. बोलायला प्रयागचं काय जातंय, मूठ तिची हाय.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ हाय तेवढा सोमवारपत्तोर तरी टिकवा.

तुमचा मेव्हणा,
संभाजी

ता. क. सोमवारी पहिल्या एसटीनं बारामतीला या. मॅडमला खरं काय ते तुमीच सांगा. मी भाईर बाकावर बसतो.

आणखी ता. क. खाली वाकडंतिकडं दिसतंय ती सांडलेली शाई न्हाय. आज सकाळी प्रयाग धारंला बसली तवा मी पेन उजव्या हातात धरलं. अर्धा तास लागला. रडलोबी. पण मोजा तिच्या हातात हुता, त्यामुळं मशीनमधी ह्याची कुठंच नोंद न्हाय. तवा पत्र फाडू नका. सोमवारी संगं आणा.

सं